चार मिनिटांची बुडी

लांब भाषणाला फारशी तयारी लागत नाही. वेळ असला म्हणजे झालं. तयारी लागते ती आखूड भाषणाला. तासभर बोलणारा वक्ता मध्ये एकदा पाणी पितो, दोनदा घसा साफ करतो, एखादी जुनी आठवण सांगतो आणि तेवढ्या अवधीत पुढचा मुद्दा त्याला सापडतो. ज्याला चारच मिनिटं मिळाली आहेत त्याला ही चैन परवडत नाही. त्यानं पहिल्या वाक्याला विषयात उतरावं आणि घंटा होण्यापूर्वी बाहेर पडावं. मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आणि त्यांतली निदान वीस वर्षं वक्तृत्वस्पर्धेसाठी मुलं तयार केली. ‘वर्तमानपत्रांचे महत्त्व’, ‘श्रमाची प्रतिष्ठा’, ‘मी मुख्यमंत्री झालो तर’ असले विषय असत. एका परीनं ते सोपे होते. कारण मुलं काय सांगणार हे श्रोत्यांना आधीच ठाऊक असे. मुलांनी फक्त आवाज चढवायचा आणि योग्य जागी हात वर करायचा.

पण श्रोत्यांनी जन्मात न पाहिलेली, नावही न ऐकलेली आणि समोर जाऊन उभं राहिलं तरी दिसत नाही अशी गोष्ट चार मिनिटांत समजावून द्यायची, हा प्रकार अगदी वेगळा. तो माझ्या वाट्याला आला तो निवृत्त झाल्यावर; आणि तोही पुण्यात नव्हे, वेलिंग्टनला.

माझा मुलगा न्यूझीलंडच्या या राजधानीत नोकरीला आहे. गेल्या वर्षी दिवाळीला मी त्याच्याकडे होते. तिथं दिवाळी वसंतात येते. दिवस मोठे होत चाललेले असतात, आणि गाव वाऱ्याचं. त्यामुळं अंगणात लावलेली पणती मिनिटभरही तग धरत नाही. ती काचेच्या बरणीत ठेवावी लागते. तिथली मराठी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास एखाद्या शनिवारी जमतात. घरोघरचा फराळ एका टेबलावर येतो, गाणी होतात, आणि त्या वर्षी कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की मुलांनी प्रत्येकी चार मिनिटं मराठीतून बोलावं. विषय सोपा होता: माझा आवडता खेळ.

माझी नात पंधरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण ती उत्तर इंग्रजीत देते. तिची मराठी स्वयंपाकघरातली. ‘भूक लागली’, ‘नको ना गं आजी’ एवढ्यावर तिचा संसार चालतो. तीच एके दिवशी माझ्या खोलीत येऊन म्हणाली, “आजी, मी बोलणार आहे. पाण्याखालच्या हॉकीवर. तू मला मदत कर.”

पाण्यावरची नव्हे, पाण्याखालची! हा खेळ ती दोन वर्षं शाळेच्या संघातून खेळत होती. न्यूझीलंडमध्ये कितीतरी शाळांचे असे संघ आहेत आणि त्यांच्या देशभरच्या स्पर्धा होतात. आठवड्यातून दोनदा ती रात्री ओल्या केसांनी घरी येई, कपाळावर पाणचष्म्याचा लाल वण घेऊन. माझ्या मुलाला हे पसंत नव्हतं. तो रागावणारा माणूस नाही. पण पुढची वर्षं परीक्षांची, आणि सरावाच्या रात्री अभ्यास होत नाही, असं त्याचं म्हणणं. त्यानं नव्या वर्षासाठी एक वेळापत्रक तयार करून फ्रिजच्या दारावर लावलं होतं. त्यात गणित होतं, विज्ञान होतं, रविवारची विश्रांतीसुद्धा होती; हॉकी नव्हती. “याचा पुढं उपयोग काय?” तो मला म्हणाला, “ऑलिंपिकमध्येसुद्धा नाही हा खेळ.” ते खरंच होतं. हा खेळ ऑलिंपिकमध्ये नाही.

भाषण लिहायचं तर विषय आधी डोळ्यांनी पाहावा, म्हणून मी एका संध्याकाळी तिच्याबरोबर तलावावर गेले. अर्धा तास कट्ट्यावर बसून मला जे दिसलं ते एवढंच: बारा मुली दोन काठांना चिकटून पाण्यात उभ्या होत्या, भोंगा वाजला आणि सगळ्याजणी मधोमध झेपावून नाहीशा झाल्या. मग पाण्याला उकळी फुटल्यासारखी झाली. मधूनच एखादं रबरी पाऊल वर येई, एखादी नळी फुस्स करून पाणी उडवी आणि पुन्हा खाली जाई. शेजारी बसलेल्या दोन आया विणकाम करीत होत्या. थोड्या वेळानं पोरी वर आल्या आणि एकमेकींच्या पाठी थोपटू लागल्या. गोल झाला होता म्हणे! कुणी केला, कसा केला, हे काठावर एकालाही कळलं नव्हतं. मोठ्या स्पर्धांत आता पाण्यात कॅमेरे सोडून पडद्यावर खेळ दाखवतात. पण शाळेच्या सरावाला कॅमेरे कोण लावणार?

परत येताना मी विचार करीत होते. क्रिकेट खेळणाऱ्याला निदान गल्ली पाहत असते. गाणाऱ्याला शेजारी तरी ऐकतात. या पोरी ज्या खेळासाठी जीव टाकतात तो खुद्द त्यांच्या आयांनासुद्धा दिसत नाही. तेव्हा या भाषणाचं काम एकच: काठावरच्या माणसाला खाली नेऊन आणायचं.

दुसऱ्या दिवशी तिनं पहिला मसुदा आणला. ‘पाण्याखालील हॉकी हा खेळ १९५४ साली इंग्लंडमध्ये सुरू झाला,’ इथून सुरुवात होती आणि पुढं आकडेच आकडे. तलाव पंचवीस मीटर लांब, पंधरा मीटर रुंद, खोली निदान दोन मीटर. एका संघात दहा खेळाडू, पैकी सहा पाण्यात. पंधरा मिनिटांचे दोन डाव. मी म्हटलं, “बाळ, तुझे श्रोते नुकत्याच चार चकल्या खाऊन बसलेले असतील. त्यांच्यापुढं पंधरा गुणिले पंचवीस ठेवलंस तर ते मनातल्या मनात तुझ्या आईच्या चकलीचा विचार करू लागतील. त्यांना जे ठाऊक आहे तिथून आरंभ कर.”

मग आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो आणि एकेक वस्तू मराठीत आणू लागलो. या खेळातली दांडी फुटभराची, एका हातात मावणारी. ती केवढी? लाटण्याएवढी. तिनं ढकलायची ती चकती तळहातात मावेल एवढी. पण आत शिसं, बाहेर प्लॅस्टिक, आणि वजन सुमारे एक किलो तीनशे ग्रॅम. म्हणजे वाण्याच्या तराजूतल्या किलोच्या मापाहून थोडी जडच. ती तरंगत नाही, तळाच्या फरशीवरून घसरते. गोल म्हणजे काय? तलावाच्या दोन्ही टोकांना तळाशी ठेवलेली तीन मीटर लांबीची पन्हळ. चकती त्या पन्हळीत पडली की गोल. लाटणं, वाण्याचं वजन आणि पन्हळ! सगळा संसार पाण्याखाली गेला आणि पोरगी खुदखुदून हसू लागली.

काही शब्दांनी मात्र घोटाळे मांडले. स्नॉर्कलला मी ‘श्वासनळी’ सुचवणार होते. पण ‘आम्ही तोंडात श्वासनळी धरतो’ असं तिनं सभेत म्हटलं असतं तर तिथं बसलेले दोन डॉक्टर उठून उभे राहिले असते. स्नॉर्कल स्नॉर्कलच राहिलं. ‘मग आम्ही दांडी मारतो,’ हे वाक्य तर तिच्या वडिलांच्या कानी पडता कामा नये असं! मी तिला दांडी मारणं म्हणजे शाळा चुकवणं, हे समजावलं. तिनं ते मोठ्या आनंदानं वहीत टिपून घेतलं.

आणि एक वाक्य होतं: ‘चकती घ्यायला आम्ही सगळ्या बुडतो.’

“अगं, बुडतो नव्हे. बुडी मारतो.”

“फरक काय?”

“बुडणं आपल्यावर येतं. बुडी आपण मारतो. बुडालेला वर येत नाही. बुडी मारलेला वर येण्यासाठीच खाली गेलेला असतो.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बाबा म्हणतात, माझं वर्ष बुडेल.”

मी काही बोलले नाही. चहाचं आधण ठेवलं.

मला स्वतःला या खेळाची धास्ती होती ती दमाची. इतका वेळ श्वास रोखून पोरीला काही झालं तर? मी तसं विचारलं, तेव्हा तिनं मला एखाद्या विद्यार्थिनीसारखं समोर बसवलं. एका बुडीत फार तर पंधरावीस सेकंद जातात, ती म्हणाली. कमाल दाखवायची नसते, पुन्हा पुन्हा जायचं असतं. श्वास घ्यावासा वाटतो तो प्राणवायू संपला म्हणून नव्हे, तर शरीरात कार्बन डायऑक्साइड साठत जातो म्हणून. तो साठला की शरीर दार ठोठावू लागतं. काही लोक बुडीपूर्वी भराभर श्वास घेतात. त्यानं प्राणवायू फारसा वाढत नाही, पण कार्बन डायऑक्साइड मात्र उतरतो. मग दार कुणी ठोठावीत नाही आणि माणसाची शुद्ध बेसावधपणे हरपते. म्हणून तसं कधी करायचं नाही आणि एकट्यानं दम रोखण्याचा सराव तर मुळीच नाही, हा त्यांच्या शिक्षिकेचा पहिला धडा. ही सगळी माहिती मला ठाऊक असलेल्या कोणत्याही सल्ल्यापेक्षा शहाणपणाची होती. मी म्हटलं, “हे भाषणात घाल. सभेत ज्या आज्या आहेत त्या यापलीकडचं काही ऐकणारच नाहीत.”

‘दम’ हा शब्द निघाला आणि मला आमचा हुतूतू आठवला. मी तिला सांगितलं: एक गडी ‘हुतूतूतू’ म्हणत एका दमात पलीकडच्या अंगणात जातो, शिवून परत येतो, मध्ये दम तुटला की बाद. तिचे डोळे चमकले. “आजी, हे तर आमचंच!” मग आम्ही दोन्ही खेळ शेजारी शेजारी मांडले. हुतूतूत दम मोठ्यानं ओरडून दाखवायचा. पाण्याखाली तोंडातून शब्द काढायची सोय नाही. आवाज पाण्यात हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगानं धावतो, म्हणून भोंगा ऐकू येतो. पण कोणत्या दिशेनं आला ते कानांना उमगत नाही. हुतूतूत एकटा सातांवर जातो. इथं एकट्याचं काही चालत नाही. चकती घेऊन चार हात जावं तोवर दम संपत येतो. कायमचा गोलरक्षकही ठेवता येत नाही, कारण तोही माणूस, त्यालाही वर यावंच लागतं. म्हणून आपला दम संपण्याआधी चकती दुसरीकडे द्यायची. ते अगदी खो-खोसारखं. पाठीमागून ‘खो’ मात्र ऐकू येत नाही.

“मग मागची आली आहे हे कळतं कसं?” मी विचारलं.

“कळत नाही. पण ती आलेली असते.” तिनं हे इतक्या सहज सांगितलं की मी हातातली लेखणी खाली ठेवली. “आधी मी वर बघत बसायचे. त्यात दम जायचा. आता बघत नाही. चकती सोडते आणि वर येते.”

मी म्हटलं, “हे तुझं शेवटचं वाक्य.”

आता तिच्या लाडक्या १९५४ सालालाही जागा झाली, आणि ती सुरुवातीला नव्हे तर मध्यभागी, जिथं श्रोत्याला ‘हे खूळ काढलं तरी कुणी?’ असं वाटू लागतं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्ट्‌स्मथमध्ये साउथसी म्हणून भाग आहे. तिथं अॅलन ब्लेक नावाच्या गृहस्थानं पाणबुड्यांचा एक हौशी क्लब काढला होता. उन्हाळ्यात सभासद समुद्रात उतरत. हिवाळा आला, पाणी गारठलं, की घरी शेकोटीपाशी बसत आणि क्लब ओस पडायचा धोका. त्यांना धरून ठेवण्यासाठी ब्लेकनं तलावाच्या तळाशी खेळायचा हा खेळ रचला. पहिली चाचणी दोघांविरुद्ध दोघे अशी झाली. मग एका बाजूला आठ गडी ठरले. आठांवरून नाव पडलं ‘ऑक्टोपुश’. चकतीला म्हणत ‘स्क्विड’, म्हणजे माकूळ! इंग्लंडात अजूनही हे नाव चालतं. १९८० साली कॅनडात व्हँकूव्हरला पहिली जागतिक स्पर्धा झाली. न्यूझीलंडच्या संघांनी पुढं जगज्जेतेपदही मिळवलं. २०१९ साली फिलिपीन्समध्ये झालेल्या आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धांत हा खेळ होता. एका क्लबाचे सभासद हिवाळ्यात घरी बसू नयेत म्हणून काढलेला खेळ इतका दूर आला. मला यातली मौज अशी वाटली की तो प्रेक्षकांसाठी काढलेलाच नव्हता. पाहायला कुणी येईल असं ब्लेकच्या ध्यानीमनीही नसावं. माणसं एकत्र राहावीत, एवढाच हेतू.

आणखी एक गोष्ट मी तिला सांगितली, ती मात्र भाषणात घालायची की नाही हे तिच्यावर सोडलं. तिचे बाबा शाळेत असताना कबड्डी खेळत. संध्याकाळी गुडघे फोडून येत. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डी पहिल्यांदा पदकासाठी खेळली गेली आणि भारतानं सुवर्णपदक मिळवलं. तेव्हा ते चौदा वर्षांचे होते आणि त्या दिवशी आमच्या चाळीत पेढे त्यांनीच वाटले. त्याच्या दोन महिने आधी त्यांचे वडील त्यांना म्हणाले होते, “याचा पुढं उपयोग काय?”

नातीनं ते ऐकलं, वहीत काही लिहिलं नाही.

मग सुरू झाली ती खरी तयारी. मसुदा साडेसहाशे शब्दांचा झाला होता. चार मिनिटांत मराठीतले चारशे शब्द नीट बोलता येतात, त्याहून अधिक नव्हे. अडीचशे शब्द काढायचे होते. तलावाची मापं गेली, पंचांच्या टोप्या आणि खुणा गेल्या, जागतिक स्पर्धांची यादी गेली. प्रत्येक शब्द काढताना ती मासे विकणाऱ्या बाईसारखी घासाघीस करी. उरलेलं तिनं पाठ केलं नाही; मी करू दिलं नाही. पाठांतर विसरलं की माणूस बुडतो. आम्ही फक्त पाच थांबे ठरवले: हुतूतू, लाटणं, हिवाळा, दम आणि मागची मुलगी. एका थांब्यावरून दुसऱ्यावर जायचं, मध्ये श्वास घ्यायचा. श्वास कुठं घ्यायचा हे तिला शिकवावं लागलं नाही. त्या बाबतीत ती माझ्याहून तरबेज होती.

कार्यक्रमाच्या दिवशी तिच्याआधी तीन मुलं क्रिकेटवर बोलली. मग ही उभी राहिली, आणि पहिलं वाक्य म्हणाली, “तुमच्यापैकी कोण कोण हुतूतू खेळलं आहे?” वीसएक हात वर झाले. तिच्या वडिलांचा हात जरा उशिरा वर गेला. “तर मग हा खेळ तुम्हाला निम्मा येतो,” ती म्हणाली, आणि सभा हसून सावरून बसली. लाटण्यापाशी हशा झाला. ‘ठोठावणारं दार’ आलं तेव्हा सगळ्या आज्यांच्या माना हलल्या. तिनं एक ठिकाणी ‘ती चकती’चं ‘तो चकती’ केलं. कुणी हसलं नाही. माझ्या हातातल्या घड्याळात तीन मिनिटं पन्नास सेकंद झाली होती, तेव्हा ती शेवटच्या वाक्याला आली: “मागची मैत्रीण मला दिसत नाही. ऐकूही येत नाही. पण मी चकती सोडते आणि वर येते. कारण ती आलेली असते.”

टाळ्या झाल्या. प्रश्न विचारायची मुभा होती. मागच्या रांगेतून माझ्याच मुलानं विचारलं, “आणि दोघींचा दम एकदमच संपला तर?”

“तर गोल होतो, बाबा,” ती म्हणाली. “आमच्यावर. मग पुन्हा बुडी मारायची.”

घरी येताना गाडीत तो काही बोलला नाही. मीही विषय काढला नाही. माणसाला विचार करायला अवधी द्यावा. काचेवर पाऊस वाजत होता आणि मागच्या बाकावर पोरगी उरलेल्या करंज्यांचा डबा मांडीवर घेऊन झोपली होती.

तीन दिवसांनी मी दुधासाठी फ्रिज उघडायला गेले. वेळापत्रक तिथंच होतं; गणित, विज्ञान, रविवारची विश्रांती. मंगळवार आणि गुरुवारच्या रात्रीचे रकाने मात्र खोडरबरानं साफ केले होते, आणि तिथं माझ्या मुलाच्या तिरक्या, घाईच्या अक्षरात एकच शब्द लिहिला होता: बुडी.